जिवंत साक्षीदार

"स्वतंत्र भारताचा सगळा इतिहास ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, ते पाचूबंदरचे जिवंत साक्षीदार, माझे आजोबा, इनास!" डायनाने कॉलेजच्या प्रकल्पासाठी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून जाहीर केलं. आजोबा जिवंत होते यात वाद नव्हता. साक्षीचंच जरा अवघड होतं.

"महाराष्ट्र झाला तेव्हा कुठे होतात, आजोबा?"

"बोटीवर. परत आलो तवर पेढे संपले होते."

"आणीबाणी उठली तेव्हा?"

"बोटीवर. धक्क्याला लागलो तर लोक मोठमोठ्याने बोलत होते. मला वाटलं, कोनाचं तरी लगीन हाय."

"पालघर जिल्हा झाला तेव्हा तरी?"

"तवा मासेमारीला बंदी होती. घरीच होतो."

डायना सावरून बसली. "मग काय पाहिलंत?"

"झोपलो होतो."

तिने कपाळाला हात लावला. प्रकल्प उद्या द्यायचा होता आणि साक्षीदाराने एवढ्या वर्षांत फक्त समुद्र पाहिला होता. "अहो, घरातलं तरी काही सांगा. पप्पा जन्मले तेव्हा?"

"बोटीवर."

ती खळखळून हसली आणि हसता हसताच विचारून गेली, "आणि आजी गेली तेव्हा?"

जाळं सांधणारे आजोबांचे हात थांबले नाहीत. फाटल्या जागी त्यांनी एक गाठ मारली, मग तिच्यावर आणखी एक.

"बोटीवर."



"तेवढं लिवू नको, बाय."