शेवटच्या भागाची लय

रचनेचा दुसरा भाग संपला आणि दादाने डावा हात पटकन मांडीवर ठेवला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट पुन्हा लाकूड झालं होतं. दोन भागांमधल्या थांब्यात समोर श्रोते मनसोक्त खोकून घेत होते. तेवढाच वेळ त्याच्याकडे होता.

आता शेवटचा भाग. या त्रिकुटाचा गाजावाजा झाला तो याच भागामुळे. दादाचं व्हायोलिन, धाकट्या बहिणीचा पियानो आणि तिच्या नवऱ्याचा चेलो. वेग असा, की लोक खुर्चीच्या कडेवर येऊन बसत. सुरुवात पियानो एकटाच करतो, त्यामुळे बहीण जी लय धरेल ती बाकी दोघांच्या गळ्यात पडायची. या एका गोष्टीवरून भावाबहिणीचं उभं आयुष्य भांडणात गेलं होतं.

"कुणी मागे लागलंय का गं तुझ्या?" प्रत्येक कार्यक्रमानंतर दादा विचारायचा. "जरा दमानं घे की. सूर ऐकू तरी दे लोकांना."

"तुझ्या लयीत वाजवलं तर लोक उशा घेऊन येतील," ती म्हणायची. माघार घेणं तिला ठाऊकच नव्हतं. वाजवण्याच्या बाबतीत दयामायाही नव्हती. आधीच्या चेलोवाल्याचा खांदा दुखावला, तेव्हा तिने त्याला एक हंगामसुद्धा सांभाळून घेतलं नव्हतं. सरळ दुसरा शोधला, आणि पुढे त्याच्याशीच लग्न केलं. तिने आधी चेलो पसंत केला आणि मग माणूस, असं दादा चारचौघांत सांगायचा.

म्हणून तर त्याने स्वतःच्या हाताबद्दल ब्र काढला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, नस गेली आहे, बोटं परत येणार नाहीत, वाद्य ठेवून द्या. त्याने कुणाला कानोकान खबर लागू दिली नाही. अवघड जागा उरलेल्या दोन बोटांवर ढकलून तो वेळ मारून नेत होता. पण या भागात ते जमणार नव्हतं. त्या वेगात दोन बोटं कुठवर धावणार? आज आपण उघडे पडणार आणि उद्यापासून आपण कुणीच नसणार.

बहिणीने हात उचलले. त्याने डोळे मिटून घेतले.

पियानो सुरू झाला आणि दादाचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. लय उतरली होती. त्याने जन्मभर हट्टाने मागितली होती, अगदी तीच लय. मेव्हण्याने चेलो त्या लयीत अलगद मिसळला, जसं काही रोज असंच वाजवत होते. मग दादा आत शिरला. बोटांना उसंत मिळत होती. एक जागा निभावली, दुसरी निभावली. ज्या वळणाची त्याने कितीतरी दिवस धास्ती घेतली होती, तेही सुखरूप पार पडलं. आणि सूर कसे सुटे सुटे ऐकू येत होते! वाजवता वाजवताच त्याला हसू फुटलं. हे असंच चाललं तर अजून एक वर्ष सहज निघेल. कदाचित दोनसुद्धा.

टाळ्या थांबता थांबेनात.

ग्रीनरूमचं दार लागायच्या आतच त्याने तोंड उघडलं. इतका आनंद पोटात राहणं शक्यच नव्हतं.

"काय बाईसाहेब, आली ना शेवटी अक्कल ठिकाणावर?"

आता ती उसळणार म्हणून तो मजेत उभा राहिला. मेव्हणा कापड घेऊन चेलो पुसायला बसला होता. तो मान वर करीना.

"तुझंच बरोबर होतं, दादा," बहीण हळूच म्हणाली.

दादाचं हसू जागच्या जागी थिजलं. त्याने मेव्हण्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"छे, कसलं बरोबर!" तो घाईघाईने म्हणाला. "रेंगाळलो आपण. शेवटी तर पार झोपलो. अगं, बोल की काहीतरी. भांड ना माझ्याशी!"

ती भांडली नाही. खुंटीवरचा त्याचा कोट काढून तिने त्याच्या अंगावर चढवला, आणि त्याने न सांगताच, खाली मान घालून, त्याची एकेक गुंडी लावू लागली.