नकार देणारा आवाज

"अहो, नकार तर तुम्हीच फोनवर कळवलात," नागपूरच्या कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, तेव्हा चारुशीलाला उलगडा झाला. घरातलं बोलकं यंत्र हुबेहूब तिच्या आवाजात फोन करायचं. नवऱ्यानं, निरंजननं, त्या यंत्राकडूनच नकार कळवून तिची तिथली नवी नोकरी घालवली होती.

ती भांडली नाही. यंत्राला एवढंच म्हणाली, "यापुढे निरंजन ज्याच्याबद्दल बोलेल, त्याला फोन लाव आणि सगळं ऐकव."

संध्याकाळी चहा पिताना निरंजननं आपल्या संचालकांचा उद्धार केला. "बिनडोक माणूस! वशिल्यानं खुर्चीवर बसलाय."

"ऐकतोय मी, निरंजन," यंत्रातून संचालकांचा आवाज आला. "उद्यापासून येऊ नका."

निरंजनचा चेहरा पांढराफटक पडला. चारुशीलानं त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

"काल थोरल्या भावजींबद्दल काहीतरी म्हणत होतास ना? बोल की."