प्रायव्हेट मेथड

"प्रायव्हेट मेथड, म्हणजे ऑब्जेक्टला नेमून दिलेलं खासगी काम, बाहेरून कुणालाच चालवता येत नाही. फक्त त्या ऑब्जेक्टला स्वतःला," असं मुक्तामॅडम म्हणाल्या आणि मला हायसं वाटलं. ज्येष्ठ नागरिक संघाच्या कोडिंग वर्गात त्या दिवशी 'माणूस' नावाचा क्लास, म्हणजे त्या ऑब्जेक्टचा आराखडा, लिहायचा होता.

मी कुणाला कळणार नाही या भरवशावर 'मनातलं' नावाची प्रायव्हेट मेथड लिहिली: 'कुमुदताई, माझ्याबरोबर चहाला याल का?' शेजारी बसणाऱ्या कुमुदताईंना हे विचारायचा धीर मला दिवाळीपासून होत नव्हता.

"काकांनी छान लिहिलंय, सगळ्यांनी बघा," म्हणत मॅडमनी माझा कोड भिंतीवरच्या पडद्यावर लावला.

"अहो, प्रायव्हेट आहे ते," मी पुटपुटलो.

"चालवता येत नाही, काका. वाचता येतं की."

मागच्या रांगेतले पेडणेकर मोठ्याने वाचू लागले. मी चष्मा पुसत बसलो.

कुमुदताई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे हे यांनी स्वतःच चालवायला हवं ना, मॅडम?"

"हो."

"मग चालवा," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या.

मी विचारलं. पण इतक्या हळू, की त्यांना खुर्ची जवळ ओढून घ्यावी लागली.