परक्या हाताची वीण

"खिशातून हात काढ," एपीने मुलाला दटावलं. "लाज वाटते तर अंगात घातलीस कशाला?"

डूगलने मुकाट्याने हात बाहेर काढले. मे महिन्यातली शनिवारची दुपार, वारा नावाला नाही. सगळं बकी गाव धक्क्यावर रमतगमत फिरत होतं. डूगलच्या अंगात निळी गान्सी होती. कोळ्याचा हा लोकरी स्वेटर घरच्या बाईनेच विणायचा, ही इथली रीत. त्याच्या लग्नात एपीने ती विणली होती, पाण्याचा थेंब आत शिरणार नाही इतकी घट्ट.

आज सकाळी तिची घडी घालताना एपीला उजव्या बाहीचं मनगट दिसलं आणि अंगाचा तिळपापड झाला. झिजलेली पट्टी उसवून कुणीतरी नवी विणली होती. टाके सैल, मधेच लोंबणारे, नुसता गबाळेपणा. आपण ती विणलेली नाही, हे एपीला पक्कं ठाऊक. सून मोरॅग पाववाल्याची लेक, तिला सुई धरता येत नाही. मग राहिलं कोण? लग्न झालेल्या पुरुषाची बाही परकी बाई उगाच विणून देत नाही, हे बकीत शेंबड्या पोरालाही कळतं.

"घरातच विणलंय, आई," डूगल म्हणाला.

"कुणी? मांजराने?"

त्याने शेजारून चालणाऱ्या मोरॅगकडे पाहिलं. ती म्हणाली, "आई, घरी चला ना. चहा टाकते."

"तुझ्या ताटातलं कुणी पळवतंय आणि तुला चहा सुचतोय."

एपीला सुनेचा राग आला, त्याहून जास्त कीव आली. लग्नाला धड तीन वर्षं नाहीत आणि या बाबाने शेण खाल्लं. ती टवळी आज सापडायलाच हवी, नाहीतर या भोळ्या पोरीचा संसार गेला म्हणायचा.

मासे खारवायच्या शेडबाहेर ग्रिझेल बाहीची पट्टी विणत बसली होती. एपीची चाळीस वर्षांची मैत्रीण. वीण बघून हात कुणाचा ते सांगायची. एपीने डूगलचं मनगट तिच्या नाकासमोर धरलं.

"हा हात कुणाचा?"

ग्रिझेलने मनगट पाहिलं, मग डूगलकडे पाहिलं. "चांगलं आहे की. ऊब देतंय ना?"

"नाव विचारतेय मी."

"जाऊ दे गं एपी. एवढं काय त्यात."

"म्हणजे तुलाही माहीत आहे. अख्ख्या गावाला माहीत, फक्त मलाच नाही." एपीने डूगलचं मनगट झटकून सोडलं. "माझ्या विणीला ती हात लावते आणि तुम्ही सगळे तिला पाठीशी घालता. अगं, निदान नीट तरी विणायचं होतं. आण ते इकडे."

तिने ग्रिझेलच्या हातातलं विणकाम ओढून घेतलं.

"आई, नको," मोरॅग हळूच म्हणाली.

पण सुया चालू झाल्या होत्या. दोन सुलट, दोन उलट. "टाका असा आवळायचा. पन्नास वर्षं विणतेय मी, मला शिकवता?"

कुणी काही शिकवत नव्हतं. तिघंही खाली बघत होती. सात-आठ ओळी झाल्यावर एपीने ते विणकाम डूगलच्या मनगटाशेजारी लावलं.

"आता बघा फरक," ती म्हणाली आणि स्वतःच वाकून बघू लागली.

तेच सैल, लोंबणारे टाके. दोन्हीकडे हात एकच होता.