बाहेरची दोन पानं

बायको गेल्यापासून भावाचं खाण्यापिण्याकडे लक्ष नाही, म्हणून ताई चार दिवस राहायला आली. मागच्या अंगणात स्विस चार्ड या पालकासारख्या पालेभाजीचा वाफा लाल देठांनी नुसता तरारला होता, आणि हा पठ्ठ्या रोज कात्रीने बाहेरची दोनच पानं कापून आणायचा.

"एवढंसं काय, दाताच्या फटीत भरायला?" ती म्हणायची. तो हसून कात्री जागेवर ठेवायचा.

आज तो कामावर गेला आणि ताईनं कंबर कसली. सगळा वाफा मुळासकट उपटला, मुळं कचऱ्याच्या गाडीत टाकली, देठ आधी परतून मग पानं घातली, वर सढळ हाताने लसूण. संध्याकाळी त्याच्या ताटात भाजीचा डोंगर वाढला.

तो खिडकीतून मोकळ्या मातीकडे बघत राहिला. मग दोन घास खाऊन म्हणाला, "छान झालीय, ताई."

"मग पोटभर खा की. जागाही मोकळी झाली, आता तिथं काहीतरी नवीन लाव."



"बाकीची फ्रीजरमध्ये ठेव," ताट हळूच पुढे सारत तो म्हणाला, "तिनं पेरलेलं आता एवढंच उरलंय."