समेबाहेरचा घाव

"ह्याच्या पोटात रागच नाय!" मांडवातून ओरडा झाला आणि नारळाची करवंटी लवू परबाच्या मुकुटावर आदळली.

दशावतारी नाटकात लवू राजा व्हायचा आणि त्याचा मिसरूड फुटल्यापासूनचा जोडीदार दाजी मेस्त्री राक्षस. नटाच्या मनातलं थेट प्रेक्षकाच्या मनात उतरवणाऱ्या कपाळपट्ट्या आल्या आणि लवूची अब्रूच गेली. डोळे आग ओकायचे, पण मनात नुसता मृदंग चालायचा: समेवर आपला घाव, समेवर दाजीची ढाल.

पडद्याआड नाटकमंडळीचे मालक त्याच्या कानाला लागले. "तुझ्या भावाक खाडीत कोणी ढकलल्यान, म्हायत आसा? ह्याच दाजीन."

लवू पुन्हा लढाईला उतरला तेव्हा त्याला मृदंग ऐकूच येईना. दाजी ढाल उचलायला समेची वाट बघत राहिला. तलवार त्याआधीच त्याच्या गळ्यावर बसली. नाटकातली बोथट तलवार ती, एका घावात काम होईना, म्हणून लवू हाणतच सुटला. मांडवातली माणसं दातओठ खात उठली आणि शेजाऱ्यांच्या नरड्याला हात घालू लागली.

मालक धावत आले. "अरे, तुका राग येवचो म्हणान खोटा बोललंय मी!"

तलवार गळून पडली. दाजीचं डोकं मांडीवर घेऊन लवूने हंबरडा फोडला, तसा अख्खा मांडव त्याच्याबरोबर धाय मोकलून रडला.

मग लोकांनी डोळे पुसले, कपाळावरच्या पट्ट्या नीट बसवल्या आणि एका सुरात ओरडले, "वन्स मोर!"