आडवा घोडा

टांग्याचा घोडा तुफान गुडघ्यांवर कोसळला तेव्हा मागे सोनाबाई नावाची म्हातारी बसली होती. ती पुढे फेकली गेली आणि टांगा हाकणाऱ्या धुडकूच्या पाठीवर आदळली, म्हणून वाचली. सुरतेतल्या उधना स्टेशनासमोर माणसं जमली. तुफान लगेच उठला आणि काही घडलंच नाही असा उभा राहिला.

"आप्पा, हाई तिसरी खेप शे," शेजारचा टांगेवाला हिलाल म्हणाला. "आते कोना तरी जीव जाई."

धुडकूनं त्याला उडवून लावलं. घोड्यातलं त्याला कुणी शिकवावं? उभी हयात टांग्यावर गेली होती. स्टेशनावरचा प्रत्येक टांगेवाला अडलं-नडलं त्यालाच विचारायचा, आणि धुडकूकडे उत्तर नाही असं कधी होत नसे. नसलं तर तो जागच्या जागी तयार करी. तुफान पहिल्यांदा पडला तेव्हा त्यानं नालाला दोष दिला. दुसऱ्यांदा दृष्ट काढली. तिसऱ्यांदा म्हणाला, वय झालं. हे म्हणताना मात्र त्याचा आवाज खाली आला.

दुसऱ्या दिवशी तो तुफानला चालवत पांजरापोळात घेऊन गेला. जखमी आणि थकलेली जनावरं तिथं मरेपर्यंत सांभाळत. तुफानला तिथं सोडायचं म्हणजे रात्री तबेल्यात एकट्यानं परतायचं. बायको गेल्यावर धुडकूनं भाड्याची खोली सोडली होती आणि तबेल्यातच खाट टाकली होती. तेव्हा तिथं दोन घोडे होते. रिक्षा आल्या, धंदा निम्म्यावर आला, आणि दिवाळीच्या आधी त्यानं बिजली नावाची घोडी विकून टाकली. तेव्हापासून तुफानला तो दोघांचा चारा घालायचा आणि म्हणायचा, "आता मज्जा आहे तुझी!"

पांजरापोळातल्या डॉक्टरांनी तुफानचे दात बघितले, पाय चाचपले, सोललेल्या गुडघ्यांवरून बोट फिरवलं. घोडा रात्री आडवा होतो का, असं त्यांनी विचारलं.

धुडकू हसला. साहेब शिकलेले असतील, पण घोडा म्हणजे म्हैस नव्हे. "घोडा उभ्यानं झोपतो, साहेब. बिजली कधीमधी बसायची, पण ती नाजूक होती. माझा तुफान दिवाळीपासून जमिनीला टेकलेला नाही. अशी जात आहे त्याची!"

डॉक्टरांनी तुफानचा दोर सोडायला लावला आणि त्याला मागच्या वाड्यात मोकळं केलं. तिथं एक म्हातारी पांढरी घोडी आणि एक लंगडं तट्टू होतं. तुफाननं दोघांना हुंगलं. घोडीनं कान मागे केले, मग पुढे केले. धुडकू कुंपणाला टेकून बिडी ओढत बसला. हा आपला सोबतचा शेवटचा दिवस आहे हे तुफानला कळलं असेल का, याचाच तो विचार करत होता. कळलं असणारच, असं त्याचं ठाम मत होतं.

दुपार उतरली. तुफान घोडीच्या बाजूला गेला, एक गिरकी घेतली, पाय दुमडले आणि बसला. मग मान टाकली आणि चारी पाय पसरून कुशीवर पडला.

असा पडलेला घोडा धुडकूनं आजवर मेलेलाच बघितला होता.

"मरी गया!" तो कुंपणावरून उडी टाकत ओरडला. "मना तुफान मरी गया!"

डॉक्टरांनी धावत येऊन त्याचा दंड धरला आणि ओठांवर बोट ठेवलं. तुफानचा खालचा ओठ थरथरत होता. तो घोरत होता. इतक्या वर्षांत धुडकूनं त्याचं घोरणं ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी हळू आवाजात समजावलं. घोडा उभ्यानं नुसत्या डुलक्या घेतो. खरी झोप आडवं झाल्याशिवाय लागत नाही, आणि कुणीतरी राखणीला जागं असल्याशिवाय तो आडवा होत नाही. एक झोपतो, दुसरा उभा राहतो. याचे गुडघे ठणठणीत आहेत. चालता चालता झोप अनावर होते, म्हणून पडतो. जोडीला एखादं जनावर आण आणि खुशाल घेऊन जा.

धुडकूला हे लागलं. "जोडीला मी आहे ना! मी रोज त्याच्याजवळच झोपतो."

"तू तो सूई जाय छे," डॉक्टर म्हणाले. "पछी जागे कोण?"

तू झोपतोस, मग जागतं कोण? धुडकूला गुजराती चांगलं कळत होतं. तरी त्यानं डॉक्टरांना पुन्हा एकदा विचारायला लावलं.

रात्री मध्येच दचकून जाग आली की त्याला अंधारात तुफान उभा दिसायचा. घरात कुणीतरी जागं आहे, असं वाटायचं. बायको गेल्यापासून त्याला झोप लागायची ती तेवढ्याच आधारावर. मग तो कूस बदलून निवांत झोपायचा. आता त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की डॉक्टरांकडे बघवेना.

"मी जागलो तर?" त्यानं विचारलं.

"किती रात्री?"

धुडकूला दिवसभर टांगाही हाकायचा होता. दुसरं जनावर आणायची ऐपत असती, तर बिजली गेलीच नसती.

"राहू द्या त्याला इथंच," तो अखेर म्हणाला. "कायमचा."

"उठवू का त्याला? भेटून जा."

धुडकूनं नकाराची मान हलवली. चपला काढून हातात घेतल्या आणि तो फाटकाकडे निघाला. तिथं पोचल्यावर तुफानला एक हाक मारावी, असं त्याला फार वाटलं. त्यानं मारली नाही. त्याचा आवाज कानावर पडला असता, तर तुफान गाढ झोपेतूनही उठून उभा राहिला असता. घोड्यातलं एवढं मात्र त्याला नक्की कळत होतं.